फ्रीलान्सरचे तास: वेळ, दर आणि बर्नआउट

कामाचा ताण दीर्घकाळ साचत गेला आणि त्याचा निचरा झाला नाही, की माणूस थकतो आणि हळूहळू कामापासून मनाने तुटतो. या अवस्थेला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेचे अकरावे रोगवर्गीकरण २०१९ मध्ये मंजूर झाले आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात बर्नआउटची तीन लक्षणे दिली आहेत. अंगातली शक्ती संपल्यासारखे वाटते, कामाविषयी अलिप्तपणा किंवा कडवटपणा येतो आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना बळावते. संघटनेने बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नाही, व्यवसायाशी निगडित घटना म्हणून केली आहे. त्यामुळे त्याची कारणे माणसाच्या स्वभावात शोधण्याआधी कामाच्या मांडणीत शोधावी लागतात. फ्रीलान्सर नेमके हेच करत नाही. त्याच्या कामाची मांडणी ठरवणारा वरिष्ठ कोणी नसतो, म्हणून घडी विस्कटली की तो सगळा दोष स्वतःच्या आळसाला आणि बेशिस्तीला देतो.

ही संकल्पना पुढे आली तीच मुळी स्वखुशीने राबणाऱ्या माणसांकडे पाहून. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे न्यू यॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ. दिवसभर ते स्वतःचे रुग्ण पाहत आणि नंतर एका मोफत दवाखान्यात रात्री उशिरापर्यंत काम करत. तिथले स्वयंसेवक मोठ्या उमेदीने यायचे आणि काही काळाने चिडचिडे, रिकामे, रुग्णांशी तुटकपणे वागणारे होऊन जायचे. फ्रॉइडनबर्गर स्वतःही त्यातून गेले. १९७४ च्या लेखात त्यांनी या अवस्थेचे वर्णन केले आणि सर्वांत जास्त धोका कामात झोकून देणाऱ्यांना असतो, असे नोंदवले. त्या स्वयंसेवकांवर कोणाची सक्ती नव्हती, काम मनापासून निवडलेले होते आणि ‘आता पुरे, घरी जा’ म्हणणारेही कोणी नव्हते. आजचे अनुवादक, चित्रकार, व्हिडिओ संकलक, वेब डेव्हलपर याच स्थितीत काम करतात.

क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी पुढे या विषयाला शास्त्रीय बैठक दिली. सुसान जॅक्सन यांच्यासोबत १९८१ मध्ये त्यांनी बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली, आणि १९९७ मध्ये मायकेल लायटर यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात माणूस आणि काम यांचा मेळ कुठे कुठे बिघडतो ते दाखवले. कामाचा बोजा, कामावरचे नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांची साथ, न्याय्य वागणूक आणि मूल्ये अशी सहा क्षेत्रे त्यांनी सांगितली. ही सहा क्षेत्रे फ्रीलान्सरच्या आयुष्याला लावून पाहिली तर एक विसंगती लक्षात येते. स्वातंत्र्यासाठी, म्हणजेच नियंत्रणासाठी, तो या वाटेला आलेला असतो. पण बोजा क्लायंटच्या घाईवर ठरतो, मोबदला क्लायंटच्या सोयीने मिळतो, साथ देणारे शेजारच्या टेबलावर कोणी नसते आणि दिलेला दर रास्त आहे की नाही हे पडताळायलाही कोणी जवळ नसते. ‘कधीही काम करू शकतो’ या स्वातंत्र्याचे काही महिन्यांत ‘कधीही काम करावे लागते’ असे रूपांतर होते.

याचे मूळ बहुतेक वेळा एकाच जागी सापडते. पुढच्या महिन्यात पैसे येतील की नाही याची खात्री नसल्यामुळे आलेले काम नाकारता येत नाही. म्हणून फ्रीलान्सरच्या वेळेचे नियोजन दैनंदिनीपासून सुरू होत नाही. ते दर, मुदत आणि वसुली यांपासून सुरू होते. वेळेच्या शिस्तीची प्रसिद्ध तंत्रे आहेत आणि ती उपयोगीही पडतात. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून २५ मिनिटे काम आणि मग छोटी विश्रांती अशी पोमोदोरो पद्धत बसवली. रेंगाळलेला लेख किंवा कंटाळवाणी तपासणी अशा टायमरने मार्गी लागते. मात्र दोन महिन्यांचे बिल थकले म्हणून घाबरून घेतलेले पाचवे काम टायमर लावल्याने कमी होत नाही.

दराचा हिशेब इथे तपशिलाने पाहायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. नोकरी सोडून आलेला माणूस सहसा महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरतो, म्हणजे वर्षाला २,४९६ तास. घरखर्च, विमा, बचत आणि कर धरून त्याला वर्षाला ६,६०,००० रुपये हवेत आणि संगणक, इंटरनेट, सॉफ्टवेअर, वीज यांवर १,१०,००० रुपये खर्च होतात असे मानू. एकूण ७,७०,००० रुपयांना २,४९६ ने भागले की तासाला जेमतेम ३०८ रुपये येतात. आता खरे तास मोजू. आठवड्याचे पाच दिवस धरले तर वर्षाला २६० दिवस होतात. त्यातून १५ दिवस सणांचे, १५ सुट्टीचे आणि १० आजारपणाचे किंवा घरच्या निकडीचे वजा केले की २२० उरतात. या प्रत्येक दिवशी पैसे मिळणारे काम ८ तास होत नाही. कोटेशन पाठवणे, फोनवर बोलणे, नमुना करून देणे, बिले, टीडीएसची जुळवणी, नवीन सॉफ्टवेअर शिकणे, बिघडलेला प्रिंटर आणि नवे काम मिळवण्याची धडपड यांत तीन तास सहज जातात. उरलेले पाच तास धरले तर वर्षाला १,१०० तास होतात, आणि दर निघतो तासाला ७०० रुपये.

३०८ आणि ७०० यांच्यातला हा फरक बर्नआउटचे फार मोठे कारण आहे. पहिला दर लावणाऱ्याला आपले उत्पन्न गाठण्यासाठी उरलेले तास रात्रींतून, रविवारांतून आणि गणपतीच्या सुट्टीतून काढावे लागतात. तो आपल्याला वेळेचे नियोजन जमत नाही असे समजतो. प्रत्यक्षात त्याचे गणितच असे मांडलेले असते की ते कोणत्याही नियोजनाने सुटणार नाही. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांसाठीच्या २०१७ च्या कायद्याखाली येणाऱ्या कर्मचाऱ्याला वर्षाला ८ किरकोळ रजा आणि सणांच्या ८ भरपगारी सुट्ट्या मिळतात, शिवाय हजेरीच्या प्रमाणात अर्जित रजा साठते. फ्रीलान्सरला या सुट्ट्या कोणी देत नाही. त्या त्याने आपल्या दरातच विकत घेऊन ठेवायच्या असतात.

जास्त तास बसून ही तूट भरून निघेल, हा समज जुना आहे आणि तो तपासून झालेला आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांत कामगारांच्या तासांच्या आणि उत्पादनाच्या काटेकोर नोंदी ठेवल्या गेल्या. अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कॅव्हेल यांनी २०१४ मध्ये त्यांचे नव्याने विश्लेषण केले. आठवड्याला सुमारे ५० तासांच्या पुढे प्रत्येक तासाचे उत्पादन घटत गेले, आणि ७० तास राबणाऱ्यांचे एकूण उत्पादन ५६ तास काम करणाऱ्यांपेक्षा फारसे जास्त भरले नाही. हे यंत्रावरचे अंगमेहनतीचे काम होते. अनुवाद, रेखाटन किंवा प्रोग्रॅमिंग यांत थकव्याने झालेली चूक दुसऱ्या दिवशी शोधून दुरुस्त करावी लागते, तेव्हा तिथला तोटा याहून कमी असेल असे मानायला आधार दिसत नाही. शरीराचा हिशेब आणखी गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

दरानंतर मुदतीचा प्रश्न येतो. एखाद्या कामाला किती वेळ लागेल हे सांगताना माणूस जवळजवळ नेहमी कमी सांगतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ही प्रवृत्ती मांडली. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल ते विचारले. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सरासरी ५५ हून अधिक दिवस लागले. अंदाज बांधताना माणूस समोरच्या कामाच्या पायऱ्या मोजतो, याआधीची तशीच कामे किती लांबली होती हे आठवत नाही. उपाय यातच आहे. १०० पानांच्या पुस्तकाचा अनुवाद किती दिवसांत होईल हे कल्पनेने ठरवू नये. मागच्या तीन पुस्तकांच्या नोंदी उघडून पाहाव्यात आणि त्यांच्या सरासरीवर मुदत द्यावी. त्यासाठी नोंदी असाव्या लागतात. कोणत्या क्लायंटच्या कोणत्या कामावर किती वेळ गेला हे साध्या वहीत रोज लिहिले तरी चालते. काही महिन्यांत ती वही अनपेक्षित गोष्टी दाखवते. चांगला पैसा देणारा म्हणून जपलेला क्लायंट तासांच्या हिशेबात सर्वांत स्वस्तात काम करून घेत असतो, आणि कमी दराचा वाटलेला क्लायंट एकाच फेरीत काम पास करत असल्यामुळे जास्त फायद्याचा निघतो.

फेऱ्यांचा हा मुद्दा मुदतीइतकाच महत्त्वाचा आहे. ‘फक्त एक छोटासा बदल’ या शब्दांत फ्रीलान्सरचे किती दिवस जातात याची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही. मजकूर मंजूर झाल्यावर मांडणी बदलते, मांडणी ठरल्यावर मथळा बदलतो, आणि शेवटी क्लायंटच्या भागीदाराला मूळ कल्पनाच पसंत पडत नाही. यात क्लायंटची दुष्ट बुद्धी असतेच असे नाही. काम कुठे संपते हे दोघांनीही ठरवलेले नसते. काम सुरू करण्यापूर्वी एका ईमेलमध्ये चार गोष्टी लिहून दिल्या तरी पुष्कळ निभते. नेमके काय द्यायचे, कधी द्यायचे, किती फेऱ्यांचे बदल दरात धरले आहेत आणि त्यापुढच्या फेरीचे किती पैसे. तातडीच्या कामाला वेगळा दर असावा आणि तो आधीच सांगितलेला असावा. असा दर असला की खरोखर तातडी असलेला क्लायंट तो देतो, आणि बाकीच्यांना परवापर्यंत थांबता येते.

दिवसाच्या आखणीत फ्रीलान्सरचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे कामांमधल्या उड्या. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले तर लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरे काम खराब होते. चार क्लायंटचे चार व्हॉट्सअॅप ग्रुप उघडे ठेवून एकाचे काम करणारा माणूस दिवसभर याच स्थितीत असतो. सकाळचे तीन तास एका क्लायंटला सलग द्यावेत, निरोप दिवसातून दोन-तीन ठरावीक वेळांना पाहावेत आणि फोन व बिले यांसाठी दुपारचा मंद वेळ ठेवावा, ही मांडणी बहुतेकांना सोसते. संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर उत्तर मिळणार नाही हे क्लायंटला एकदा सांगितले, आणि मुख्य म्हणजे स्वतः पाळले, तर तो त्याची सवय करून घेतो. रात्री अकराला पाठवलेले एक उत्तर मात्र हा नियम मोडायला पुरते.

परदेशी क्लायंट असलेल्यांची अडचण वेगळी आहे. न्यू यॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा भारतात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात. कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. अशा वेळी दिवसा भारतीय क्लायंटचे आणि रात्री अमेरिकन क्लायंटचे काम करणे म्हणजे दोन पाळ्या करणे. मीटिंग आठवड्यातल्या दोनच संध्याकाळी ठेवणे, त्या दिवशी सकाळ मोकळी सोडणे आणि बाकी संवाद लेखी करणे हा त्यातल्या त्यात टिकणारा मार्ग आहे. युरोपमधले क्लायंट या बाबतीत सोयीचे पडतात, कारण त्यांची सकाळ आपल्या दुपारी येते.

पैसे वेळेवर येणे हा आरोग्याचाही प्रश्न आहे, कारण थकलेले बिलच नको असलेले काम घ्यायला लावते. नव्या क्लायंटकडून कामाआधी काही आगाऊ रक्कम घेणे, मोठ्या कामाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला बिल करणे, काम दिले त्याच दिवशी बिल पाठवणे या सवयी साध्या असल्या तरी अनेकांना संकोच आड येतो. कायद्याचा आधारही पुष्कळांना ठाऊक नसतो. सेवा देणाऱ्या एकट्या व्यावसायिकालाही उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी करार नसेल तर ती १५ दिवसांची धरतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेली अशी रक्कम, ती प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत, कंपनीला करासाठी खर्च म्हणून दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापलेली असली की हिशेब खात्यातली माणसे ते बिल बाजूला ठेवायला कचरतात.

यासोबत तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम वेगळी ठेवता आली तर ‘नाही’ म्हणण्याची ताकद येते. सुरुवातीच्या वर्षांत ती साठवणे कठीण असते, तरी एका महिन्याची शिल्लकसुद्धा घाबरून घेतलेले एखादे काम टाळायला पुरेशी ठरते. आलेली रक्कम एका खात्यात जमा करून त्यातून दर महिन्याला ठरावीक ‘पगार’ घरच्या खात्यात वळवण्याची पद्धतही चांगली आहे. भरभराटीच्या महिन्यात खर्च वाढत नाही आणि कोरड्या महिन्यात धास्ती कमी होते.

फ्रीलान्सरचे वर्ष सपाट नसते. मराठी प्रकाशनाच्या जगात याचे ठळक उदाहरण दिवाळी अंकांचे आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये निघाला आणि तेव्हापासून मराठी साहित्यव्यवहाराला शरदाचा हंगाम लागला. आजही मुखपृष्ठ करणारे चित्रकार, मुद्रितशोधक, अक्षरजुळणी आणि मांडणी करणारे यांच्याकडे पावसाळा सरता सरता एकदम कामे येऊन पडतात, आणि त्याच दिवसांत गणपती आणि नवरात्रही असतात. जाहिरात आणि कंपनी क्षेत्रात काम करणाऱ्यांची अशीच गर्दी मार्चअखेर होते. हंगामाचे दिवस जड जाणारच, त्यांना दैनंदिन समतोलाचा नियम लावून उपयोग नाही. हिशेब वर्षाचा करावा लागतो. हंगामाआधी दुसरी मोठी कामे न घेणे, मुदतींमध्ये अंतर ठेवून अंकांची संख्या ठरवणे, जादा काम विश्वासू सहव्यावसायिकाकडे पाठवणे आणि हंगामानंतरचा आठवडा कॅलेंडरवर आधीच रिकामा राखून ठेवणे ही त्या हिशेबाची अंगे आहेत. सहव्यावसायिक या व्यवहारात स्पर्धक वाटतात, पण आजारपणात काम सांभाळणारे आणि चालू दर खरा काय आहे हे सांगणारे तेच असतात. मॅस्लॅक आणि लायटर यांनी सांगितलेली साथ फ्रीलान्सरला इथूनच मिळू शकते.

विश्रांतीविषयीचे संशोधनही काही नेमके सांगते. जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबीने झोनेनटाग यांच्या अभ्यासांचा मुख्य मुद्दा असा की कामाचे तास संपणे पुरेसे नसते, काम डोक्यातून बाहेर जावे लागते. सोफ्यावर बसून क्लायंटच्या निरोपाची वाट पाहणारा माणूस काम करत नसतो, पण सावरतही नसतो. ज्यांना या सुटकेची सर्वांत जास्त गरज असते त्यांनाच ती सर्वांत कमी साधते, हेही त्यांनी दाखवले आहे. थकलेला माणूस फिरायला जाणे, तबला किंवा पोहणे शिकणे असल्या सावरणाऱ्या गोष्टी आधी सोडतो. घरातूनच काम करणाऱ्याला या सुटकेसाठी काही बाह्य खूण लागते. कामाचा संगणक झाकून ठेवणे, कामासाठी वेगळे सिम कार्ड ठेवून रात्री ते बंद करणे, शेवटची दहा मिनिटे उद्याची यादी लिहिण्यात घालवणे अशा खुणा उपयोगी पडतात. लिहून ठेवलेले अर्धवट काम मनात कमी घोळते.

तासाला दर लावण्याचा एक दुष्परिणाम इथे सांगायला हवा, कारण वरचा सगळा हिशेब तासांचाच आहे. सॅनफर्ड डेव्हो आणि ज्युलियन हाउस यांच्या २०१२ च्या प्रयोगांत काही जणांना आपली तासाची कमाई काढायला लावून नंतर संगीत ऐकवले. हिशेब न केलेल्यांपेक्षा त्यांना त्या संगीताचा आनंद कमी मिळाला आणि ते अधिक अधीर झाले. प्रत्येक तासाची किंमत डोक्यात बसली की मुलांसोबत घालवलेली संध्याकाळही बुडालेल्या उत्पन्नासारखी भासू लागते. म्हणून तासांचे गणित दर ठरवताना आणि तिमाही नोंदी पाहताना करावे, रोजच्या जगण्याला ते मोजमाप लावू नये.

बर्नआउटची चाहूल बहुधा कामातूनच लागते. पूर्वी आवडणाऱ्या कामाची फाइल उघडायला तासभर टाळाटाळ होते, क्लायंटच्या साध्या प्रश्नाचा संताप येतो, सोप्या चुका वाढतात, रविवार झोपून काढला तरी सोमवारी तसाच थकवा असतो. या टप्प्यावर चार दिवसांची सहल तात्पुरता आराम देते आणि परतल्यावर तीच कामे तशीच समोर असतात. त्यामुळे आधी बोजा कमी करावा लागतो. हातातल्या कामांची यादी करून कोणत्या मुदती वाढवून मागता येतील, कोणते काम दुसऱ्याकडे सोपवता येईल आणि कोणता क्लायंट सोडायचा हे ठरवावे लागते. मुदत चुकण्याच्या आठवडाभर आधी सांगितले तर बहुतेक क्लायंट समजून घेतात, चुकल्यानंतर सांगितले तर विश्वास जातो. झोप उडणे, भूक जाणे, कामाबाहेरच्या कशातही रस न वाटणे किंवा जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे दिसली तर प्रश्न केवळ कामाचा उरत नाही. ती नैराश्याची असू शकतात आणि तिथे वेळापत्रकाचे उपाय लागू पडत नाहीत, डॉक्टरांची गरज असते. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.